दगडाचा गारठा

लिल्याबाईंनी करकचून ब्रेक दाबला तो एका कबुतरासाठी. रस्त्याच्या मधोमध कुणीतरी टाकलेल्या, चीज भरलेल्या ब्युरेकच्या तुकड्याशी ते झटत होतं. उन्हाळाभर शिकवूनही लिल्याबाईंना लाल दिव्यापाशी वेळेवर थांबणं जमलं नव्हतं, पण त्या पाखरासाठी त्यांनी गाडी जागच्या जागी खिळवली. माझ्या सीटचा पट्टा ओटीपोटात रुतला. एरवी अशा धक्क्याचं मला काही वाटत नाही. इथे सर्बियात, नोवी सादच्या रस्त्यांवर गाडी शिकवायची म्हणजे नवशिक्यांचे धक्के सोसायचेच, पगार त्याचाच मिळतो. पण तो पाळीचा दुसरा दिवस होता. डाव्या बाजूला खोल कुठेतरी जे नेहमी धुमसत असतं ते एकदम पेटलं, मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरलं, पाठीतून वर चढलं, आणि समोरची काच, कबुतर, चौकातला दिवा सगळं पांढरं झालं. मागचा ट्रक भोंगा वाजवत राहिला. माझ्या बाजूला शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो. गाडी केव्हाच थांबली होती, तरी माझा पाय त्या ब्रेकवर सगळा जोर लावून होता.

“मास्तरीणबाई, रागावलात?” लिल्याबाई घाबरून म्हणाल्या. “अहो, चिरडलं असतं ना ते!” लिल्याबाई पन्नाशीच्या पुढच्या. नवरा गाडीला हात लावू द्यायचा नाही, म्हणून नवऱ्याला सोडल्यावर पहिलं काम त्यांनी माझ्याकडे नाव घालायचं केलं होतं.

मी नुसती मान हलवली.

“मग अशा पांढऱ्याफटक का पडलात?”

“पाळी,” मी म्हणाले. खोटं रचायला ताकद नव्हती.

“पाळीत कुणी इतकं पांढरं पडतं?”

“मी पडते. पहिल्यापासून.”

“ते का बरं?”

“लहानपणी दगडावर बसले होते.”

हे मी बोलले. चौतिशीची बाई, घटस्फोट झालेली, गाडीच्या इंजिनाचा भाग न् भाग तोंडपाठ असलेली, स्वतःचा कर स्वतः भरणारी. आणि भर चौकात, मागे ट्रक बोंबलत असताना, मी अगदी शांतपणे, पत्ता सांगावा तसं सांगितलं की लहानपणी दगडावर बसले होते. लिल्याबाईंनी समजूतदारपणे मान डोलावली. “दगड वाईटच,” त्या म्हणाल्या. आमच्याकडे हे कुणालाही पुढे समजावून सांगावं लागत नाही. थंड दगडावर बाईमाणूस बसलं की गारठा वर चढतो आणि अंडाशयं गारठतात, हे इथे पाळण्यातल्या पोरीलाही ठाऊक असतं. पण त्या दिवशी माझाच आवाज माझ्या कानांवर पडला. तो आवाज माझा नव्हता, आईचा होता. शब्द तिचे, हेलही तिचाच. पट्ट्याच्या धक्क्याहून हा धक्का मोठा होता. लिल्याबाईंनी गाडी कडेला घेतली, बऱ्यापैकी घेतली, आणि म्हणाल्या, “माझ्या भाचीचंही असंच व्हायचं हो. तिलाही सगळे दगडच सांगायचे. शेवटी भलतंच निघालं. हे एवढं लांब नाव आहे, माझ्या जिभेवर बसत नाही. ऑपरेशन झालं तिचं. आता नाचते पोरगी. डॉक्टरीणबाईंचा नंबर देऊ का?” मी म्हटलं, द्या. मग त्यांनी आरशात न बघताच गाडी काढली आणि मी ओरडले, म्हणजे मी पुन्हा ताळ्यावर आले.

तो दगड अजून आहे. दान्यूबच्या काठावर, पुलापासून थोडं पुढे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, त्यातली खालून तिसरी. मी तेरा वर्षांची होते आणि मार्च महिना होता. नदीला चढ होता, पाणी मातकट, आणि पलीकडच्या किल्ल्यावर बर्फाचे पांढरे डाग अजून राहिले होते. आई कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेली होती, म्हणजे संध्याकाळ माझी होती. आम्ही तिघी मैत्रिणी सूर्यफुलाच्या बिया सोलून खात बसलो होतो, टरफलं पाण्यात थुंकत होतो, आणि कुठल्याशा मुलाच्या कानांवरून हसत होतो. वरून एक अनोळखी बाई चालली होती, हातात भाजीची पिशवी. ती थांबली. “ए पोरींनो! उठा आधी! दगडावर बसलात होय? उद्या पोरं व्हायची नाहीत, मग रडाल!” आमच्याकडे पोरींची अंडाशयं ही गावाची मालमत्ता असते; कुणीही येऊन त्यांची काळजी करावी. बाकीच्या दोघी उठल्या. मी नाही उठले. मला त्या बाईचा राग आला होता, आणि दगडाचा गारवा पातळ विजारीतून वर येत होता तो मला खरं सांगायचं तर आवडत होता. पुढच्या महिन्यात माझी पहिली पाळी आली, आणि शाळेच्या फरशीवर मी आडवी झाले. आईनं विचारलं, कुठे बसली होतीस? मी तेव्हा पडले शहाणी, खरं सांगितलं. त्यानंतर हा प्रश्न आमच्या घरात कायमचा सुटला.

माझी आई, रुझित्सा, हिच्या पिशवीत आजही घडी घातलेलं वर्तमानपत्र असतं. वाचायला नसतं ते. बसथांब्याचा बाक असो, बागेतला कठडा असो, चर्चच्या अंगणातला ओटा असो, आधी कागद अंथरायचा आणि मग टेकायचं. आमच्या दाराशी सपातांची रांग असते, पाहुण्यांच्या मापाच्यासुद्धा, कारण अनवाणी पाय फरशीला लागला की आईचा जीव वरखाली होतो. ती माझ्या गाडीत बसली की एकच खिडकी उघडायची. समोरासमोरच्या दोन उघडल्या तर मधून वारा वाहतो आणि तो वारा माणसाला आडवं करतो. पाळी आली की ती मीठ तव्यावर तापवायची, जुन्या लोकरी मोज्यात भरायची आणि माझ्या पोटावर ठेवायची. राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, चोळायची पाठीला. कडू पाल्याचा काढा करायची आणि मी तो पिईपर्यंत समोर उभी राहायची. मिठाच्या मोज्यानं बरं वाटायचं, थोडा वेळ का होईना, हे मी नाकारणार नाही. पण मोजा ठेवताना दर वेळी ती एक सुस्कारा सोडायची आणि म्हणायची, “तू त्या दगडावर बसलीस ना.” ओरडून नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते. ती ते अशा आवाजात म्हणायची की मला वाटायचं, माझ्या पोटात जे दुखतंय ते माझं नाहीच, मी आईची काहीतरी मोलाची वस्तू फोडली आहे आणि तिचे तुकडे मला टोचतायत.

मोठी होत गेले तसे डॉक्टरही करून झाले. पहिले म्हणाले, सगळ्या पोरींचं दुखतं, काही नाजूक असतात. दुसऱ्यांनी घाईघाईनं सोनोग्राफी केली, सगळं छान आहे म्हणाले, आणि बाहेर पडताना आईला सांगितलं की लग्न होऊन मूल झालं की आपोआप थांबेल. आई त्या वाक्यावर किती वर्षं जगली! माझ्या लग्नात ती नाचली ती जावयाच्या आनंदानं नव्हे, आता पोरीचं पोट थांबेल या आशेनं. नेबोयशा, माझा नवरा, माणूस वाईट नव्हता. पण तो जवळ आला की मी श्वास रोखून छताकडे बघायची. इतकं खोल दुखायचं की दुसऱ्या दिवशी गाडीचा पेडल दाबताना ते आठवायचं. मी सांगितलं नाही. काय सांगणार? दगड सांगितला असता तर तो हसला असता, तो बेलग्रेडचा, शिकलेला. आणि दगड सोडून दुसरं काही सांगायला माझ्यापाशी नव्हतं. त्याला वाटलं मला तो नकोसा झालाय. हळूहळू त्याला तेच सोयीचं वाटू लागलं. मूल झालं नाही. आईनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण ज्या दिवशी मी दोन बॅगा घेऊन तिच्या दारात परत आले, त्या दिवशी तिनं मला आत घेतलं, पायात सपाता सरकवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन मीठ तापवायला लागली. त्या दिवशी मला पाळीही आलेली नव्हती.

लिल्याबाईंनी नंबर दिला त्या डॉक्टर यादरांकांकडे मी एकटी गेले. त्यांची खोली लहान, खिडकीत जिरॅनियमची कुंडी, आणि त्या स्वतः माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी सोनोग्राफी केलीच नाही. आधी विचारत बसल्या. कधीपासून? किती दिवस? शौचाला बसताना त्या दिवसांत कळा येतात का? नवऱ्याजवळ असताना दुखायचं का, वर वर की खोल आत? कामावरून सुट्ट्या पडतात का? हे प्रश्न मला आजवर कुणी केलेच नव्हते, आणि प्रत्येकाचं उत्तर हो होतं. हो, हो, हो. मला रडू यायला लागलं ते दुखण्यानं नाही. इतकी वर्षं मी ज्या गोष्टी सुट्या सुट्या लपवून ठेवल्या होत्या त्या ही बाई एकेक करून एका ओळीत मांडत होती. मग तपासणी झाली, सावकाश, आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. “हे डावं अंडाशय. ही त्यावरची गाठ, आत जुनं रक्त साठलंय. आणि हे बघा, अंडाशय जागचं सुटं हलायला हवं, ते गर्भाशयाच्या मागे चिकटलंय. एंडोमेट्रिओसिस म्हणतात याला.” लिल्याबाईंच्या जिभेवर न बसणारं नाव ते हेच. मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

त्या समजावून सांगत होत्या. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच काहीसं बाहेर भलत्या जागी रुजतं. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावरसुद्धा. दर महिन्याला तेही आतल्या अस्तरासारखंच वागू बघतं, पण त्याच्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. मग तिथे सूज येते, व्रण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. साध्या सोनोग्राफीत दर वेळी दिसेलच असं नाही. “कशानं होतं?” मी विचारलं. “नक्की कशानं ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. घराण्यात असू शकतं.” मी विचारूनच टाकलं, “दगडावर बसल्यानं?” त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. “दगडानं नाही,” त्या म्हणाल्या. “ओल्या केसांनी नाही, अनवाणी चालण्यानं नाही. तुम्ही केलेल्या किंवा न केलेल्या कशानंही नाही.” मग उपाय सांगितले. पाळी थोपवून धरणाऱ्या गोळ्या. त्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन. मुळासकट जाईल असं वचन त्यांनी दिलं नाही. पुन्हा उगवू शकतं म्हणाल्या. मुलाचंही विचारलं मी. होऊ शकतं, अवघडही जाऊ शकतं. पण मूल म्हणजे या दुखण्याचं औषध नव्हे. “मात्र असं दुखत जगायची गरज नाही,” एवढं ठामपणे म्हणाल्या. मी उठले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीमागची खिडकी लावून घेतली. “दार उघडाल तर मधून वारा वाहील,” म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते कळून लाल झाल्या. मी इतकी हसले की पोट दुखलं.

मला वाटलं होतं मी मोकळी झाले. जिना उतरताना झालेही होते. पण गाडीत बसले, किल्ली फिरवली, आणि कळलं की डॉक्टरांनी सांगून भागणार नाही. त्यांनी दगड उचलून बाजूला ठेवला होता, पण तो त्यांनी माझ्या छातीवर ठेवलाच नव्हता. ज्या आवाजानं तो ठेवला होता त्याच आवाजानं तो उचलायला हवा होता. हे बालिश आहे हे मला समजत होतं. रस्त्यावर मी माणसांना सांगते की आपली चूक नसताना मागच्यानं भोंगा वाजवला तर वाजवू द्यावा, लक्ष देऊ नये. पण आई मागच्या गाडीतली कुणी नव्हती. आईनं एकदा म्हणायला हवं होतं, झोरा, दगडाचं काही नव्हतं. बस्स, एवढंच.

मी सांगायला गेले तो ऐवारचा, भाजलेल्या मिरचीची चटणी घालायचा दिवस निघाला. सप्टेंबरअखेर, सगळ्या इमारतीला भाजलेल्या मिरचीचा वास, प्रत्येक गच्चीत एकेक बाई धुरात उभी. आमच्या स्वयंपाकघरात लाल मिरच्यांचा सोललेला ढीग, आणि आई मोठ्या पातेल्यापाशी लाकडी उलथनं घेऊन. ऐवार एकदा चढवला की तासन्‌तास हलवत राहावं लागतं; हात थांबला की खाली लागलाच. म्हणजे तिला तिथून हलता येणार नव्हतं, हे मी मुद्दाम साधलं होतं की नकळत, कोण जाणे. मी मिरच्यांची सालं काढत काढत सगळं सांगितलं. अस्तर, गाठ, चिकटलेलं अंडाशय. ती ऐकत हलवत राहिली.

“किती वर्षांची आहे ही डॉक्टरीण?”

“माझ्याएवढी.”

“मग बरोबर. पुस्तकातलं बोलते.”

“आई, तिनं दाखवलं मला. पडद्यावर.”

“दाखवलं ना? मग ते आत आलं कसं? गारठा शिरल्याशिवाय असं काही चिकटतं का कुठे?”

“दगडानं काही होत नाही, आई. तिनं स्पष्ट सांगितलंय.”

“होत कसं नाही?” उलथनं थांबलं. ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. मी तिला कधी घाबरलेली बघितली नव्हती. युद्धात शहरावर बाँब पडले त्या वसंतातही ती तळघरात लोकर विणत बसलेली मला आठवते. “होत कसं नाही, झोरा? नाहीतर मग कशानं झालं? काहीतरी असेलच ना? माणूस सांभाळतं, जपतं, ते काय उगीच?” वास आला तेव्हा दोघींनी एकदम पातेल्याकडे बघितलं. ऐवार खाली लागला होता. माझ्या आठवणीत आईचा ऐवार कधीच लागला नव्हता. तिनं गॅस बंद केला, वरवरचा चांगला भाग बरण्यांत भरला, आणि मी करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

हिवाळाभर मी गोळ्या घेतल्या. पाळी थांबली, दुखणं अर्ध्यावर आलं, पण गेलं नाही; आतडं ओढल्यासारखं व्हायचं, आणि मोठी तपासणी केली तर त्यात चिकटलेलं जास्त निघालं. त्या गोळ्यांनी मी विनाकारण चिडायची, नवशिक्यांवर खेकसायची. लिल्याबाई परीक्षेत एकदा नापास झाल्या, एकदा पास झाल्या, आणि पास झाल्या त्या दिवशी केक घेऊन आल्या. “भाची विचारते, ठरलं का?” म्हणाल्या. ठरलं होतं. मार्चच्या शेवटी ऑपरेशन. घरात मी ते सांगितलं, आईनं “बरं” म्हटलं, आणि माझ्यासाठी जाड लोकरीच्या सपाता विणायला घेतल्या. दगडाचं नाव निघत नव्हतं. पण रोज संध्याकाळी मी आले की ती मला बसायला खुर्ची ओढून द्यायची आणि त्या खुर्चीवर उशी असायची.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी शेवटचं बोलावलं तेव्हा ती म्हणाली, मी येते. नवा डगला घातला, ओठ रंगवले. डॉक्टर यादरांकांनी तिला नीट बसवलं, माझी सगळी माहिती पुन्हा सांगितली, आई मांडीवर पिशवी धरून ताठ बसून राहिली. मग डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि मावशी, तुमचं काय? तुमची पाळी कशी होती?”

“माझं काय,” आई म्हणाली. “माझं केव्हाच संपलं.”

“दुखायचं?”

आईनं पिशवीची कडी उघडली, लावली. “दुखायचं, सगळ्यांचं दुखतं.”

“इतकं की काम सोडून झोपावं लागायचं?”

“काम कोण सोडून देतं हो? उभ्यानं चक्कर यायची. कारखान्याच्या पट्ट्यावर डबे येतच असायचे.” एवढं बोलून तिनं पिशवीची कडी पुन्हा लावली. डॉक्टरांनी पुढे ओढलं नाही. मला माझ्या आईचं पोट कधी दुखलेलं माहीत नव्हतं.

आम्ही गाडीत बसून परत निघालो. पुलाचा रस्ता आला तेव्हा म्हणाली, “काठानं घे.” मी घेतली. “थांबव कुठेतरी.” मी गाडी झाडाखाली लावली. तिनं पट्टा सोडला नाही, समोर बघत बोलली. “तुझ्यानंतर मला मूल राहिलंच नाही. माझी सासू म्हणायची, हिनं ईस्टरच्या आधी नदीवर गालिचे धुतले, ओल्या दगडांवर बसून. बसले होते मी. सगळ्या सुना बसायच्या. पण बाकीच्यांना झाली पोरं. मग मी म्हटलं, माझं गेलं ते गेलं, पोरीचं जाऊ द्यायचं नाही. तुला मी जमिनीला लागू दिलं नाही, झोरा. आणि नेमकी त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीला. माझी नव्हती ती पाळी, बदलून घेतली होती मी, कारखान्यातल्या एका बाईला माझी हवी होती म्हणून.” मी इतकी वर्षं ऐकत आले होते, तू त्या दगडावर बसलीस ना. आणि ती इतकी वर्षं म्हणत आली होती, मी घरी नव्हते. दोघी एकाच दगडाला दोन बाजूंनी चिकटून बसलो होतो. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण आमच्याकडे त्याची सवय नाही, आणि मध्ये गिअर होता.

“कुठे बसली होतीस?” तिनं विचारलं.

आम्ही पायऱ्या उतरलो. नदीला तसाच चढ होता, पाणी तसंच मातकट, आणि खालची पायरी पाण्याखाली गेलेली. मी दाखवली, “ही.” आईनं ती पायरी बराच वेळ बघितली. एक साधी पायरी, कड झिजलेली, मध्ये पावसाचं थोडं पाणी. मला खात्री होती की आता पिशवी उघडेल, वर्तमानपत्र निघेल. तिनं पिशवी मला धरायला दिली. मग एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, गुडघे कुरकुरत, नव्या डगल्यासकट ती त्या दगडावर बसली. सरळ दगडावर. मी तिच्या शेजारी बसले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

वरून एक म्हातारी चालली होती, कुत्रा घेऊन. ती थांबलीच. “अहो बायांनो! वेड लागलं का? मार्चात दगडावर? त्या पोरीला तरी उठवा! अंडाशयं गारठतील तिची!”

आईनं मान वळवली. सगळ्या आयुष्यात हे वाक्य तिनं इतरांना किती वेळा ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. तिच्या ओठांचा रंग थोडा पसरला होता.

“बसू द्या हो तिला,” ती वर बघून म्हणाली. आवाज बारीक होता, पण म्हातारीपर्यंत पोचला. “माझी पोरगी आजारी आहे. दगडाचं काही नाही त्यात. कधीच नव्हतं.”

म्हातारी काहीतरी पुटपुटत, कुत्र्याला ओढत निघून गेली. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून पाण्याकडे बघत राहिले, कारण आईकडे बघितलं असतं तर तिनंही माझ्याकडे बघितलं असतं. एक मालवाहू होडी प्रवाहाविरुद्ध सावकाश चालली होती. ती पुलाखाली शिरली.

“गार आहे गं फार,” आई म्हणाली.

“हो.”

पण उठलो नाही आम्ही.